कळंबाची जाळी

ज्या साली सर्जेराव गुळव्याच्या नातीचं जावळ काढलं, त्याच साली त्याच्या हृदयात झाडाचं पान बसवलं. साल दोन हजार त्रेचाळीस. जावळ माघात झालं आणि त्याच आठवड्यात सर्जेराव गुऱ्हाळात रस आटवायच्या काहिलीपाशी कोसळला.

वेदगंगेच्या काठी ते गुऱ्हाळ होतं. मालक सहा जण, पण गुळव्या तो एकटा. काहिलीखालच्या चुलवाणात आता उसाच्या चिपाडाऐवजी विजेच्या सळ्या होत्या. रस किती तापलाय ते भिंतीवरच्या पडद्यावर आकड्यांत दिसायचं. तरी पाक झाला की नाही, हे पडदा बघून कुणी ठरवत नसे. सर्जेराव काहिलीवर झुकायचा, बुडबुड्यांचा आवाज ऐकायचा आणि "उतरा" म्हणायचा. त्या दिवशी त्यानं तोंड उघडलं, पण शब्द बाहेर आला नाही. रसावरची मळी काढणाऱ्या शामरावानं मागून मिठी मारून धरलं, म्हणून तो काहिलीत गेला नाही. त्या दिवसाचं आदण, काहिलीतला सगळा रस, करपलं.

कोल्हापूरच्या इस्पितळात शुद्ध आली तेव्हा छातीला नळी लावलेली होती आणि उशाला एक छोटा पंप घुरघुरत होता. समोर मुलगा ऋतुराज आणि डॉक्टर रेवती हुक्केरी. डॉक्टरीणबाई बारीक, चष्मेवाल्या, आणि गडबड नसल्यासारखं बोलणाऱ्या.

"काका, हृदयाचा एक तुकडा मेलाय," त्या म्हणाल्या. "तळहाताच्या निम्म्याएवढा. तो पुन्हा जिवंत होत नाही. तिथं नवा बसवायचा."

"नवा कुठनं आननार?"

"तुमच्याच रक्तातून. रक्तातल्या काही पेशी घ्यायच्या, त्यांना मागं, गर्भातल्या अवस्थेत, फिरवायचं, आणि हृदयाच्या पेशी करायच्या. हे आता सोपं झालंय. अडचण वेगळीच होती. काचेच्या ताटलीत मांस वाढवलं तर ते कागदाएवढं पातळ असेपर्यंत जगतं. जाड झालं की मधला भाग उपाशी मरतो, कारण तिथवर रक्त पोचत नाही. रक्त न्यायला केसाहून बारीक नळ्या लागतात. मोठ्या नळीला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, डहाळ्यांना आणखी बारीक. अशी जाळी बनवणारं यंत्र माणसाला काही जमलं नाही."

"मग?"

"झाडाला जमलेलं होतं. तुम्ही ऊस कापता. आडव्या कापावर काय दिसतं?"

सर्जेराव इतक्या दुखण्यातही हसला. हा प्रश्न त्याच्या घरचा होता. "ठिपकं दिसत्यात. उभा फाडला तर दोरं निघत्यात."

"तो प्रत्येक ठिपका म्हणजे नळ्यांची जुडी. एक प्रकारच्या नळ्या मुळांचं पाणी वर नेतात, त्या जलवाहिन्या. दुसऱ्या पानात तयार झालेली साखर खाली कांड्यात आणतात, त्या रसवाहिन्या. तुमचा सगळा धंदा त्या दुसऱ्या नळ्यांच्या कष्टावर चालतो, काका. त्याच नळ्या पानात शिरल्या की त्यांच्या शिरा होतात."

मग त्यांनी एक ताटली दाखवली. पाण्यात पान तरंगत होतं, पण हिरवं नव्हतं. काचेसारखं आरपार दिसत होतं, आणि आत नुसत्या शिरा. पानाच्या देठातून सात दिवस साबणाचं पाणी थेंब थेंब सोडतात, त्या म्हणाल्या. झाडाच्या पेशी फुटतात, धुऊन जातात, हिरवा रंग जातो, उरतो तो पेशींच्या भिंतींचा सांगाडा. त्याच देठातून मग माणसाच्या पेशी आत सोडतात. त्या भिंतींना चिकटून वाढतात, आणि चौथ्या आठवड्यात पान ताटलीतच ठोके द्यायला लागतं.

"आन ह्यो सांगाडा कवा इरघळतो?"

"नाही विरघळत. गाईच्या पोटातल्या जंतूंना तो पचवता येतो, माणसाच्या शरीराला येत नाही. तो शेवटपर्यंत तुमच्या आत राहील. त्रास काही नाही."

झाड कुठलं, हे एक यंत्र ठरवायचं. मेलेल्या तुकड्याचा नकाशा घेऊन ते हजारो पानांच्या शिरांशी ताडून बघायचं. सर्जेरावासाठी त्यानं दोन नावं काढली. कळंब, शंभरात एक्याण्णव. जांभूळ, नव्वद.

"एवढ्याशा फरकाला अर्थ नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्ही झाडं आमच्या रोपवाटिकेत आहेत. तुम्ही सांगा."

सर्जेराव औषधाच्या गुंगीत होता. मालन, त्याची बायको, गावी होती. जावळानंतर नातीला ताप भरला होता आणि सून एकटी पडली होती. निवड ऋतुराजवर आली. लहानपणी तो सुट्टीत आजोळी जायचा. तिथं घरामागच्या परड्यात कळंबाचं मोठं झाड होतं. त्याची काडी कुणी मोडत नसे, वाळका फाटासुद्धा चुलीत घालत नसत, आजोबा त्याच्या पाया पडत. ऋतुराजला एवढंच आठवलं की कळंब म्हणजे आपल्या घरातला देव. त्याला वाटलं, देवच आबांच्या काळजात बसला तर आणखी काय पाहिजे? त्यानं कळंबावर सही केली.

देवक कशाला म्हणतात हे त्याला ठाऊक होतं, पण लग्नात एकदा बसवायची वस्तू म्हणून. देवक आईचं वेगळं आणि बापाचं वेगळं असतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

चैत्रात शस्त्रक्रिया झाली. अकराव्या दिवशी सर्जेराव घरी आला. मालननं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. एकसष्ट वर्षांची बाई, पण त्या दिवशी ती नव्या सुनेसारखी घरभर पळत होती. जेवायला बसल्यावर ऋतुराजनं कौतुकानं सांगितलं, "आई, आबांच्या काळजात आता कळंब आहे. मी मुद्दाम निवडला."

मालनच्या हातात आमटीची पळी होती. ती तशीच राहिली. आमटी ताटात न पडता पाटावर पडली.

"कळंब?"

"हो, आजोळचा. म्हणजे झाड दुसरं, पण जात तीच."

तिनं पाट पुसला आणि आत गेली. सर्जेरावानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातात धरूनच त्याला उलगडा झाला. कळंब हे मालनच्या माहेरचं देवक. त्याच्या घराचं देवक पानकणीस, ओढ्याकाठी उगवणारं. एका देवकाची माणसं म्हणजे एका रक्ताची. त्यांच्यात सोयरीक होत नाही. ती एकमेकांची भाऊ-बहीण.

"ऋतुराज," तो म्हणाला, "लेका, तू काय केलंस रं?"

दुसऱ्या दिवसापासून घराची रीत पालटली. मालननं आपलं अंथरूण नातीच्या खोलीत नेलं. सर्जेरावाची गोळ्या-पाण्याची वेळ ती चुकवत नसे, पथ्याचं करून घालत असे, पण त्याच्या ताटात ती आता जेवत नव्हती. बेचाळीस वर्षं ती त्याला "अवो" म्हणून हाक मारत आली होती. आता तीही बंद झाली. काही सांगायचं असलं की सुनेला पुढं करायची.

सर्जेरावाला राग धड येत नव्हता, आणि हसूही येत नव्हतं. छातीवर हात ठेवला की ठोका लागायचा. तो कुणाचा म्हणायचा? पेशी आपल्या, भिंती कळंबाच्या. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, त्यात झाड काही उरत नाही, उरतं ते नुसतं त्याचं घर. पण घर राहिलं तर कूळ गेलं कसं म्हणायचं?

दम धरवू लागल्यावर तो गुऱ्हाळाकडं फिरत गेला. शामरावानं लांबूनच हाळी दिली.

"या मेव्हणं!"

"कुनाला म्हंतोस?"

"तुलाच. तू आता तुझ्याच बायकुचा भाऊ न्हवं? मंजे तुझा तूच मेव्हणा. आन ऋतुराज तुझा भाचा. हुंडा परत दे बाबा, आन त्या पोराला आता मामा म्हनाय शिकीव."

बाकीचे हसले. सर्जेरावही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. ते बघून शामराव जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांग, वैनी बोलत न्हाईत?"

"गोळ्या देती."

"आन?"

"आन काय न्हाई."

आषाढात सर्जेरावानंच विषय काढला. मालनच्या माहेरात आता एक म्हातारी आत्या उरली होती, तानुबाई. नव्वदीची, डोळ्यांनी अधू, कानांनी तिखट. "तिच्याकडं जाऊ. ती सांगंल ते मी ऐकतो," तो म्हणाला. मालननं मान हलवली.

तानुआत्तीनं सगळं ऐकून घेतलं. मग सर्जेरावाला जवळ बोलावलं आणि त्याच्या छातीवर सुरकुतलेला हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"वाजतंय चांगलं," ती म्हणाली.

"आत्ती, पाप झालं का ते सांगा," मालन म्हणाली.

"पान पोटात गेलं असतं तर पाप, देवक खात न्हाईत. काळजात गेलं ते नातं."

"मग ह्यो कोन माझा?"

"तुझा न्हवरा हाय की."

"आन भाऊ?"

"भाऊबी."

"दोन्ही कसं आत्ती?"

"मला काय इचारती? शाळा मी शिकले का तू?"

सर्जेरावानं येताना वाटेत एक तोड शोधून ठेवली होती. ती त्यानं आता पुढं केली. "आत्ती, बघा. लगीन झाल्यावर बाई न्हवऱ्याच्या कुळाची हुती. तवा मालन पानकणसाची झाली. मी आता कळंबाचा झालो. दोन देवकं येगळी ती येगळीच. फकस्त अदलाबदल झाली. सोयरीक मोडत न्हाई. पायजे तर पुन्यांदा हळद लावू."

म्हातारी बोळक्या तोंडानं खुदखुदली. "गुळव्या, तुज्या डोस्क्यात पाक चांगला झालाय."

त्याला वाटलं, जिंकलो. त्यानं मालनकडं बघितलं. ती हसत नव्हती.

"मंजे मी कळंबाची न्हवंच?" ती म्हणाली. "बा गेला, आई गेली, घर पडलं. कळंब तेवढा माझा हुता. तोबी तुमीच घेतला?"

परत येताना एस्टीत ती खिडकीपाशी बसली. मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. सर्जेराव तिच्या प्रश्नाचा अर्थ लावत बसला, आणि त्याला तो लागला नाही.

दिवाळी आली. पाडव्याला सकाळी बायको नवऱ्याला ओवाळते. सर्जेराव आंघोळ करून, नवं धोतर नेसून सोप्यात येऊन बसला. ऋतुराजला त्याच्या बायकोनं ओवाळलं. निरांजन घेऊन मालन एकदा चौकटीपर्यंत आली. तिनं त्याच्याकडं बघितलं, डोकीवरचा पदर सारखा केला आणि माघारी वळली. तो दुपारपर्यंत तसाच बसून होता. शेवटी सुनेनं जेवायला उठवलं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मालनला भाऊ नव्हता. पाठीवर एक झाला होता, तो तिसऱ्या वर्षी घटसर्पानं गेला. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. लग्नानंतरची बेचाळीस वर्षं मालन भाऊबिजेच्या सांजेला परड्यात जाऊन आभाळात बारीक कोर शोधायची, ताट ओवाळायची आणि पाचच मिनिटांत आत येऊन भाजी फोडणीला घालायची. सर्जेरावानं ते बघितलेलं होतं, जसं अंगणातलं तुळशीला पाणी घालणं बघतात तसं. त्यात काही बघण्यासारखं आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्या सांजेला ती परड्यात गेली नाही. तिनं सोप्यात पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. मग आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला नावानं हाक मारली.

"सर्जादादा, बसा."

उखाण्याशिवाय जे नाव तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं ते असं उघड्यावर पडलं. सून आत पळाली. ऋतुराज भिंतीकडं बघत राहिला. सर्जेरावाचे पाय आपोआप पाटाकडं गेले. तिनं गंध लावलं, डोकीवर टोपी ठेवली, ओवाळलं. तिचा चेहरा निरांजनाच्या उजेडात असा दिसत होता, की लग्नातसुद्धा त्यानं तो तसा बघितला नव्हता. ती आनंदली होती. त्याच्याकडं बघून आनंदली होती, आणि तो नवरा म्हणून तिथं कुठं नव्हता.

त्यानं ताटात ओवाळणी घातली.

पुढच्या सोमवारी तो एकटा कोल्हापूरला गेला.

"काढा," तो डॉक्टरांना म्हणाला. "कळंब काढा, जांभूळ घाला."

डॉक्टर हुक्केरींनी त्याला आधी पाणी दिलं. मग पडद्यावर त्याचं हृदय दाखवलं. मधला तुकडा कुठं सुरू होतो ते त्याला दिसेना. "मलाही नीट दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पेशी भिंतींत शिरल्यात, भिंती पेशींत. बाजूच्या शिरांनी आत फांद्या घातल्यात. नवा तुकडा बसवता येईल, पण हा उपसून काढताना पाचांत एक दगावतो. आणि कारण काय? चालतंय की उत्तम."

सर्जेरावानं कारण सांगितलं. त्या हसतील अशी त्याची तयारी होती. त्या हसल्या नाहीत. बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिल्या.

"तुमचं स्वतःचं देवक कुठलं?"

"पानकणीस. ते घातलं असतंसा तर ह्यो घोळच झाला नसता."

"ते चाललंच नसतं. पानकणीस ऊस-गवताच्या जातीतलं, बियात एकच डाळ असणारं. त्यांच्या शिरा एकमेकींच्या शेजारून सरळ धावतात, कंगव्याच्या दात्यांसारख्या. त्यांच्यात म्हणावी तशी जाळी होत नाही. हृदयाला जाळी लागते. कळंब, जांभूळ, उंबर अशी दोन डाळी असलेली झाडंच लागतात."

"मंजे माझं देवक माझ्या उपेगाचं न्हवतंच?"

"या कामाला नाही."

हे त्याला लागलं. आपल्याच घरच्या माणसानं संकटात दार लावून घ्यावं तसं.

"एक सांगा बाई," तो उठता उठता म्हणाला. "तुमच्या शास्तरानं बघितलं तर आत आता कळंब हाय का न्हाई?"

"झाडाची एकही पेशी नाही."

"मग न्हाई?"

"पण आकार त्याचा आहे. तुमच्या पेशी आता त्या आकारात जगतात." त्यांनी पडदा बंद केला. "मला माहीत नाही, काका."

नव्या शस्त्रक्रियेला पौषातली तारीख ठरली. ऋतुराज ऐकून भडकला. "आबा, एका पानावरून जीव घालवताय? आईला मी समजावतो, तुम्ही थांबा."

"तू एकदा निवडलंस," सर्जेराव म्हणाला. "आता मला निवडू दे. आन तिला कळू देऊ नगंस."

पण घरात कुजबुज वाढली की बाईला आधी कळतं. निघायच्या आदल्या सकाळी सर्जेराव परड्यात भेंडीचे दांडे ठेचत बसला होता. रसातली मळी धरायला भेंडीचा बुळबुळीत चीक लागतो. गुऱ्हाळात काहिलीपाशी उभं राहायची मनाई असली तरी एवढं काम तो सोडत नसे. मालन येऊन समोर बसली. तिनंही एक दांडा उचलला.

"उद्या जानार म्हनं."

"व्हय."

"पाचांत एक."

"तुला कुनी सांगितलं?"

"सुनेनं. मग मीच डाक्तरीनबाईस्नी फोन केला." ती साल सोलत राहिली. "जावा. तुमचं काळीज हाय. मी आडवी येत न्हाई."

"आडवी येत न्हाईस मंजे काय? कुनासाठनं चाललोय मी? बायकू मिळावी म्हनून चाललोय. घरात हायीस आन मिळंना झालीस."

"मलाबी न्हवरा मिळंना झालाय. काहिलीपाशी पडला त्यो उठलाच न्हाई असं वाटतंय. कुकू लावताना हात आडतो. जित्या न्हवऱ्याचं सुतक धरल्यावानी झालंय." दांड्याचा चीक तिच्या बोटांना लागून तारा निघत होत्या. "पर एक सांगते. रागावू नगा. भाऊबिजेला पाटावर बसलासा, तवा जेवलासा माज्या हातचं. पन्नास वरसं मी चांद ओवाळला. चांद कवा खाली उतरून जेवला न्हाई. आये-बा गेल्यावर मला 'कशी हायीस' म्हनून इचारनारं आभाळाखाली कोन न्हवतं. तुमी इचारत हुतासा, पर न्हवरा इचारतो ते आपल्या घरच्या बाईला. भाऊ इचारतो ते येगळं."

सर्जेराव दांडा ठेचत राहिला.

"ते गेलं तर जाऊ दे," ती म्हणाली. "आजपातुर न्हवतंच. पर तुमीबी गेलासा तर माजं दोन्हीबी जाईल. एका डावात न्हवराबी आन भाऊबी. ते तेवढं इचारात घ्या, आन मग जावा."

दुसऱ्या दिवशी गाडी दारात आली. ऋतुराजनं पिशवी ठेवली. मालननं दह्याची कवडी हातावर दिली. सर्जेराव गाडीत बसला. गाडी वेशीपर्यंत गेली, ओढ्याचा पूल आला. पुलाखाली पानकणसं दाटली होती, तपकिरी बोंडं वर काढून. तो त्यांच्याकडं बघत राहिला. सरळ, एकमेकींना न शिवणारी पाती.

"थांबीव," तो म्हणाला.

"काय झालं, आबा? दुखतंय का?"

"न्हाई. मला कायच कळंना झालंय. आसं कायबी न कळता माणसानं सुरीखाली जाऊ नये. गाडी वळीव."

घरी आल्यावर मालन दारातच उभी होती. त्यानं चपला काढल्या. काय म्हणून आत जावं, ते त्याला त्या वेळीही कळलं नाही.

"आलासा?" ती म्हणाली.

"आलो."

"बरं झालं. भाकरी टाकती."

पुढची वर्षं तशीच गेली. म्हणजे काही उलगडलं नाही, पण घर चालू लागलं. दिवाळीच्या पाडव्याला मालन निरांजन घेऊन आली आणि "अवो, बसा" म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्याच पाटावर "सर्जादादा, बसा" म्हणाली. त्यानं दोन्ही दिवशी ओवाळणी घातली. तिचं अंथरूण कधी त्याच्या खोलीत असायचं, कधी नातीच्या. कुठल्या दिवशी कुठं, याचा नेम त्याला कधी लागला नाही, आणि विचारायचं धाडसही झालं नाही. कधी बाजारातून येताना तो तिच्यासाठी काही आणायचा आणि देताना अडखळायचा, हे नवऱ्यानं आणलं की भावानं? ती घ्यायची आणि त्याच्या तोंडाकडं बघून हसायची. तिला ठाऊक असावं. तिनं सांगितलं नाही.

शामरावानं एकदा विचारलं, "मग शेवटी काय ठरलं तुझं? न्हवरा का मेव्हणा?"

"काय ठरलं न्हाई," सर्जेराव म्हणाला. "मळी धर, आदण वर येतंय."

अठ्ठेचाळीस सालच्या फाल्गुनात मालनला कावीळ झाली. दवाखान्यात बारा दिवस होती. यकृतावर बसवायला कुठलं पान मिळतं का, हे सर्जेरावानं डॉक्टर हुक्केरींना तीनदा विचारलं. यकृताचं काम अजून व्हायचंय, त्या म्हणाल्या, आणखी चार-पाच वर्षं लागतील. मग मालननं घरी न्या म्हणून हट्ट धरला.

ती गेली तेव्हा बायका जमल्या. त्यांनी आंघोळ घातली, हळदकुंकू लावलं. अहेव, म्हणजे नवऱ्याआधी, गेलेल्या बाईच्या अंगावर एक लुगडं सासरचं पडतं, एक माहेरचं. सासरचं हिरवं लुगडं सर्जेरावानं पाठवलेलं होतं. भावकीतली एक थोरली बाई सोप्यात येऊन म्हणाली, "माहेरचं कोन आननार? तानुबाई मागंच गेली. कोन हाय का कुनी त्या बाजूचं?"

पुरुषांनी एकमेकांकडं बघितलं. कुणी म्हणालं, नसलं तर राहू द्या, चालतं तसंही.

सर्जेराव उठला. पहाटेच ऋतुराजला मोटरसायकल काढायला लावून त्यानं दुकानदाराला झोपेतून उठवलं होतं, आणि दोन लुगडी घेतली होती. दुसरं पिशवीतच होतं, जांभळ्या काठाचं. त्यानं ते उलगडलं, आत नेलं, आणि हिरव्यावर स्वतःच्या हातानं पांघरलं. पुरुषानं ते करावं की नाही, हे कुणी बोललं नाही.

"ह्ये कुनाचं म्हनायचं?" थोरल्या बाईनं विचारलं. तिला विधीसाठी नाव पाहिजे होतं.

पाच वर्षांत हे त्यानं कुणापुढं, स्वतःच्या मनातसुद्धा, सरळ म्हटलं नव्हतं.

"माझं," तो म्हणाला. "मी तिचा भाऊ."

"आन हिरवं?"

"तेबी माझंच."

मालन सर्जेराव, कळंब देवकाच्या घरची लेक आणि पानकणीस देवकाच्या घरची सून, एकोणतीस एप्रिल दोन हजार अठ्ठेचाळीस रोजी सूर्योदयाआधी वारली. वय सहासष्ट.